घरगुती पाळणाघराला परवाना सक्तीचा हवा का?

नागपुरात मनीषनगर, बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर, कुठल्याही भागात फिरा. एखाद्या फाटकावर छोटी पाटी दिसतेच: 'घरगुती पाळणाघर, वय ६ महिने ते ६ वर्षे'. आत समोरची खोली, एक बंगई, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या आणि मुलं सांभाळणाऱ्या काकू. मिहान, बुटीबोरी किंवा हिंगण्याला कामाला जाणारी आई सकाळी साडेआठला मूल सोडते आणि संध्याकाळी साडेसहाला घेऊन जाते. म्हणजे मुलाचे जागेपणीचे जवळजवळ सगळे तास त्या घरात जातात. आणि त्या घरात मुलं सांभाळली जातात याची कुठल्याही सरकारी कार्यालयात नोंद नसते.

एखाद्या पाळणाघरातल्या मारहाणीचं चित्रण बाहेर आलं की 'परवाना सक्तीचा करा' ही मागणी जोर धरते. २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरला दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली, तेव्हाही हेच झालं. मागणी योग्य आहे. पण परवाना म्हणजे नेमकं काय, तो कोणी द्यायचा आणि त्यानं काय बदलेल, हे समजून न घेता सक्ती केली तर चांगली घरं बंद पडतील आणि वाईट घरं पाटी काढून तशीच चालू राहतील. म्हणून सुरुवातीपासून पाहू.

आज कायद्यात काय आहे?

पाळणाघरांबद्दल कायदे आहेत, पण बहुतेक मालकांसाठी. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक केलं होतं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला. त्यानं पगारी रजा २६ आठवडे केली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला सांगितलं. नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली, ५० कर्मचाऱ्यांची अट मात्र कायम आहे. अशा पाळणाघरांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जागा, कर्मचारी, स्वच्छता, आहार असं बरंच काही आहे.

पण स्वतःच्या घरी पैसे घेऊन चार-सहा मुलं सांभाळणाऱ्या बाईनं परवाना घ्यावा, असा वेगळा केंद्रीय कायदा नाही. 'आमच्याकडे गुमास्ता आहे' असं काही ठिकाणी सांगितलं जातं. गुमास्ता म्हणजे दुकान-आस्थापनांची नोंदणी. त्यात कामगारांचे तास, सुट्टी वगैरे येतं. गच्चीला कठडा आहे का, किंवा एका बाईकडे किती तान्ही मुलं आहेत, हे गुमास्ता देताना कोणी पाहत नाही.

एक तरतूद मात्र फार थोड्यांना माहीत आहे. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याचे २०२० चे नियम मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करायला सांगतात, आणि त्यात पाळणाघरांचा स्पष्ट उल्लेख आहे. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणं गुन्हा आहे, मग ते कुठेही घडो. म्हणजे वाईट घडल्यावर शिक्षा करायला कायदा आहे, वाईट घडण्याआधी त्या घराचा उंबरा ओलांडून आत पाहायचा अधिकार मात्र कोणालाच नाही. परवान्याची चर्चा या रिकाम्या जागेबद्दल आहे.

नोंदणी वेगळी, परवाना वेगळा

हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

नोंदणी म्हणजे 'मी इथे आहे, हे काम करते' असं सांगणं. परवाना म्हणजे 'तपासलं, अटी पूर्ण आहेत, काम करायला परवानगी आहे' असं सरकारनं सांगणं. नोंदणीत तुम्ही माहिती देता, परवान्यात तुम्ही परीक्षा देता.

घरून डबे देणाऱ्या बायकांना हा फरक पटकन कळेल. अन्नसुरक्षा कायद्यात छोट्या व्यावसायिकाला साधी नोंदणी पुरते, उलाढाल वाढली की परवाना लागतो. पोळ्या लाटून देणाऱ्या ताईंना आणि मोठ्या मिठाईवाल्याला एकच फॉर्म दिलेला नाही. पाळणाघरांनाही हीच पायरी लावावी, असं या लेखाचं म्हणणं आहे. पैसे घेऊन दुसऱ्याचं एक जरी मूल रोज सांभाळलं तरी नोंदणी सक्तीची. घरात पाचपेक्षा जास्त मुलं झाली की परवाना आणि दुसरी प्रौढ व्यक्ती, दोन्ही सक्तीचं.

पाचच का?

कारण माणसाला दोनच हात असतात. स्वयंपाकघरात पेट घेतला किंवा गॅसचा वास आला, तर एक बाई चालता न येणारी दोन मुलं एका वेळी उचलून बाहेर नेऊ शकते. तिसरं मूल आत राहतं. म्हणून एकट्या बाईकडे न चालणारी मुलं दोनपेक्षा जास्त नसावीत. चालणारी तीन मुलं तिच्या मागे फाटकापर्यंत येऊ शकतात. झाले पाच. या पाचांत तिची स्वतःची लहान मुलंही मोजायची, कारण आग लागल्यावर ती स्वतःच्या मुलाला आधी उचलणार.

बाहेरच्या देशांतले आकडे याच्या आसपासच आहेत. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं ठेवता येतात, त्यांत पाच वर्षांखालची तीन आणि एक वर्षाखालचं सहसा एकच. जपानच्या घरगुती पाळणाघरात एका व्यक्तीमागे तीन मुलं, मदतनीस असेल तर पाच. आपल्या २०१८ च्या सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक कर्मचारी आणि सोबत मदतनीस असं प्रमाण आहे. पण ते कार्यालयातल्या पाळणाघरासाठी आहे. तिथे हाक मारली की शेजारच्या खोलीतून माणूस येतो. घरी काकू बाथरूममध्ये गेल्या की मुलं एकटीच असतात.

तपासायचं काय? नागपुरात आधी कूलर

परवान्याचे नियम लिहिताना भिंतींचा रंग, खेळण्यांची यादी, शिक्षणाची पदवी यांवर पानं खर्च होतात. मूल जिवाला मुकतं ते वेगळ्याच गोष्टींनी, आणि त्या प्रत्येक शहरात थोड्या वेगळ्या असतात.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरी कूलर लागतो. पत्र्याच्या कूलरच्या टाकीत छोटा पंप बुडालेला असतो. त्याची वायर महिनोन्‌महिने पाण्यात राहून वरचं आवरण ठिसूळ होतं, तडकतं, आणि वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते. पण खूप घरांत कूलरला दोन पिनांचा प्लग असतो, किंवा तीन पिनांचा प्लग असूनही भिंतीतल्या सॉकेटला अर्थची वायर जोडलेलीच नसते. मग कूलरचा पत्रा 'जिवंत' होतो. खाली सांडलेलं पाणी, अनवाणी मूल आणि थंड पत्र्याला लावलेला हात. एवढं पुरतं.

'आमच्याकडे एमसीबी आहे, करंट लागला की पडेल' हा समज घातक आहे. घरातला एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी प्रवाह त्याच्या पुढे गेल्यावर पडतो. माणसाच्या जिवाला धोका ३० मिलिअँपिअरच्या आसपास सुरू होतो, म्हणजे त्याच्या साधारण पाचशेव्या हिश्शापासून. मूल चिकटलेलं असतं आणि एमसीबीला पत्ताही नसतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. वीज भलत्या वाटेनं गळते आहे हे ओळखून तो क्षणात पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा, आणि त्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरंच पडतो का हे पाहायचं. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, कारण डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डासापर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांत पूर्ण होतं.

परवाना देताना एकच गोष्ट पाहायची मुभा असती, तर ती आरसीसीबी आणि अर्थिंग असायला हवी.

त्यानंतर पाणी. जुन्या नागपुरी घरांत अंगणात जमिनीखालची टाकी असते. तिच्या झाकणाला कुलूप हवं, नुसता पत्रा नको. अर्धी भरलेली बादलीही रांगत्या मुलाला बुडवू शकते. डोकं जड असतं, मूल उलटं पडलं की त्याला बाहेर येता येत नाही आणि आवाजही होत नाही.

झोप. तान्हं बाळ पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, आजूबाजूला उशा-दुपट्यांचा ढीग नसताना झोपवायचं. मोहरीची उशी नको. साडीची झोळी बाळाला आवडते, पण एक-दीड वर्षाचं मूल तिच्यातून उतरायला जातं आणि कापडाचा फास मानेला बसतो. झोळीत मूल असताना मोठी व्यक्ती त्याच खोलीत हवी.

घशात अडकणं. फल्लीदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं आणि बी न काढलेली संत्र्याची फोड चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. अडकलंच तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घेऊन डोकं खाली ठेवायचं, खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळानं पाच थापा द्यायच्या, मग सुलटं करून छातीच्या मधोमध पाच दाब. दिसत नसताना बोट घालून शोधायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हातानं करून शिकावं लागतं. एका दिवसाच्या प्रशिक्षणात होतं आणि तेवढं प्रशिक्षण नोंदणीची अट असायलाच हवं.

आणि औषध. आई डब्यासोबत तापाची बाटली देते, 'ताप आला तर द्या' म्हणते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. नेहमीच्या १२५ च्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२५, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये फक्त २५. दहा किलोच्या मुलाला डॉक्टर साधारण १५० मिलिग्रॅम सांगतात. ते सिरपचे सहा मिलिलिटर होतात आणि थेंबांचे दीड. सिरपचं माप लक्षात ठेवून थेंबांची बाटली ओतली तर चौपट औषध पोटात जातं. म्हणून नियम साधा हवा: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध द्यायचं नाही, बाटलीवर मुलाचं नाव, मात्रा मिलिलिटरमध्ये लिहिलेली, आणि दिल्याची वेळ वहीत. खोकल्याचं औषध तर स्वतःच्या मनानं अजिबात नाही. २०२५ मध्ये दूषित खोकल्याच्या औषधानं आजारी पडलेली छिंदवाड्याची मुलं उपचारासाठी नागपुरातच आणली होती, ते या शहराला सांगायला नको.

शेजारच्या काकूंनाही नोंदणी करायला लावणार का?

नाही. आजी, आत्या, मावशी यांना कुठलाही शहाणा कायदा हात लावत नाही. आई दवाखान्यात गेली म्हणून शेजारणीनं दोन तास मूल पाहिलं, तेही यात येत नाही. मुलाच्याच घरी येऊन सांभाळणाऱ्या बाईचा विषय वेगळा आहे. इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी, पैसे घेऊन, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ सांभाळलं की नोंदणी लागते. पैसा, नियमितपणा आणि वेळ या तीन खुणा आपल्याकडेही चालतील.

फी वाढेल, मग साध्या पगाराच्या आईनं काय करायचं?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे.

हिशेबापुरतं धरू की एकटी बाई आठ मुलं सांभाळते, मुलामागे ३,००० रुपये घेते. महिन्याचे २४,०००. मर्यादा पाच झाली तर १५,००० उरतात. तेवढेच पैसे हवे असतील तर फी ४,८०० करावी लागेल. मदतनीस ठेवून आठ मुलं ठेवली तर तिच्या पगाराचे सात हजार जातात. धरमपेठेतले पालक वाढीव फी देतीलही. हुडकेश्वरला शिवणकाम करणारी किंवा इतवारीत दुकानात उभी राहणारी आई देणार नाही. ती मूल सहा वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे सोडेल, आणि घराला बाहेरून कडी लावून जाईल.

ही केवळ भीती नाही. अमेरिकेत जॅनेट करी आणि जोसेफ हॉट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं की पाळणाघरांचे नियम कडक झाले की त्या पाळणाघरांतल्या मुलांचे अपघात कमी होतात, पण काही मुलं महाग झालेल्या व्यवस्थेबाहेर फेकली जातात आणि त्यांचा धोका वाढतो. हॉट्झ आणि मो शियाओ यांच्या २०११ च्या अभ्यासात नियमांमुळे कमी उत्पन्नाच्या भागांतली केंद्रं घटली, आणि दर्जा सुधारला तो मुख्यतः सुस्थितीतल्या भागांत. इंग्लंडमध्येही नोंदणीकृत घरगुती सांभाळणाऱ्यांची संख्या दहा-बारा वर्षांत जवळपास निम्म्यावर आली. कमी मिळकत आणि कागदपत्रांचा ताप ही त्यांची मोठी तक्रार.

म्हणून सक्तीसोबत पैसा यायला हवा. आरसीसीबी, अर्थिंग आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण यांचा एकदाचा खर्च महापालिकेनं किंवा महिला व बालविकास विभागानं उचलावा. ५० च्या वर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना पाळणाघराची सोय करायचीच आहे. त्यांना नोंदणीकृत घरगुती पाळणाघरांशी करार करून फीचा वाटा भरता यावा. अंगणवाडीला जोडून पाळणाघरं चालवायची केंद्राची 'पालना' योजना २०२२ पासून आहे. वस्त्यांत ती वाढली तर सगळ्यात कमी पगाराच्या आईला पर्याय मिळेल. नोंदणी केल्यानं काही हातात येत असेल तर बायका स्वतःहून रांगेत उभ्या राहतील.

घर 'व्यावसायिक' ठरलं तर?

मुलं सांभाळणाऱ्या बायकांची खरी धास्ती तपासणीची नसते. धास्ती असते ती नोंद झाली की घराचा वापर व्यावसायिक ठरेल याची. मग मालमत्ता कर व्यावसायिक दरानं, वीजमीटर व्यावसायिक, सोसायटीचं ना-हरकत पत्र, अग्निशमनचं ना-हरकत पत्र. भाड्याच्या घरात असेल तर घरमालक त्याच दिवशी घर खाली करायला सांगेल. पाच मुलांच्या मिळकतीत यातलं एकही बसत नाही.

कॅलिफोर्नियात हा प्रश्न कायद्यानंच मिटवला. २०१९ च्या दुरुस्तीनं परवानाधारक घरगुती पाळणाघर, लहान असो वा मोठं, हा घराचा निवासी वापरच मानायचा असं ठरलं. आपल्याकडे नियम करताना हे एक वाक्य पहिल्या पानावर हवं: पाच मुलांपर्यंतचं पाळणाघर हा निवासी वापर आहे. ते नसेल तर बाकीचे सगळे नियम कागदावर राहतील.

तपासणी म्हणजे चिरीमिरी, असं होणार नाही का?

अट जितकी मोघम, तितका हात ओला करायला वाव. 'पुरेशी स्वच्छता' या शब्दांवर घासाघीस होते. 'टेस्ट बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो: हो/नाही', 'टाकीला कुलूप: हो/नाही', 'आज हजर मुलं: किती' यांवर होत नाही. पंधरा-वीस प्रश्नांचा एकपानी तक्ता, फोटोसह, आणि तो त्याच दिवशी सर्वांना पाहता येईल असा. भेट न कळवता, वर्षातून दोनदा, त्यांतली एक एप्रिल-मेमध्ये. पहिल्या चुकीला दंड नको, दुरुस्तीला पंधरा दिवस द्यावेत. पण मुलांची संख्या लपवली किंवा मारहाण झाली तर सूट नाही.

भेटी द्यायच्या कोणी? अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांवर आधीच मोजमापांचं आणि अहवालांचं ओझं आहे. त्यांच्याच डोक्यावर हे टाकलं तर भेटी कागदावर होतील. नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमध्ये या एकाच कामासाठी किमान एक प्रशिक्षित स्त्री कर्मचारी हवी. ती नेमायची तयारी नसेल तर परवान्याची घोषणा करू नये. तपासणी नसलेला परवाना पालकांना खोटा धीर देतो, आणि तो परवाना नसण्यापेक्षा वाईट.

सीसीटीव्ही असला की पुरे ना?

कॅमेरा घडलेलं दाखवतो. खारघरची मारहाणही कॅमेऱ्यासमोरच झाली होती. शिवाय घरातल्या कॅमेऱ्याचं थेट चित्रण सगळ्या पालकांच्या मोबाइलवर गेलं, की सगळ्यांची मुलं कपडे बदलताना, अंघोळ करताना सगळ्यांना दिसतात. त्यापेक्षा पालकानं कधीही, न सांगता आत येण्याचा हक्क जास्त कामाचा. नोंदणीच्या अटींत तो लेखी हवा.

कायदा होईपर्यंत पालकांनी काय पाहावं?

पाळणाघर पाहायला सकाळी दहाला जाऊ नका. तेव्हा सगळं आवरलेलं असतं. दुपारी अडीचला जा, मुलं झोपलेली असताना. किती मुलं आहेत ते स्वतः मोजा. सांभाळणारी व्यक्ती त्याच खोलीत आहे का, ते पाहा. कूलरच्या प्लगला किती पिना आहेत ते पाहा आणि आरसीसीबीचं बटण दाबून दाखवायला सांगा. घरात आणखी कोण राहतं, दुपारी कोण येतं-जातं, हे सरळ विचारा. पोलीस पडताळणीचा कागद मागा, तो मागण्यात संकोच नको. औषधांची वही पाहा. आणि काही संशय आला तर बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ चोवीस तास चालू असते. लैंगिक शोषणाचा संशय असेल तर कळवणं हे पोक्सोप्रमाणे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, पालकाचं आणि शेजाऱ्याचंही.

मूल बोलू लागलेलं असेल तर घरी आल्यावर 'काकूंनी मारलं का' असं विचारू नका, ते मान डोलावून मोकळं होतं. 'आज कोण रडलं? मग काकूंनी काय केलं?' असं विचारा.